युवाराच्या शहरात

४ ऑक्टोबर

खोलीवर सामान टाकलं आणि सरळ पियाझ्झा कास्तेल्लो गाठला. फिलिप्पो युवाराचा नाद मला तरुणपणीच लागला, पण आजवर तो फक्त कागदावर भेटला होता. भरभर ओढलेल्या शाईच्या रेघा, त्यावर तपकिरी रंगाचा पातळ हात, कमानीमागे कमान, तिच्यामागे आणखी एक कमान आणि अगदी लांब कुठेतरी उजेड. नाटकांच्या नेपथ्याची रेखाटनं ती. माझं कामच नेपथ्याचं, त्यामुळे नेपथ्यकार युवारा मला आधी कळला, वास्तुकार युवारा नंतर. त्याने दगड-विटांत काय केलं ते बघायला आता इटलीतल्या तोरिनोला, म्हणजे ट्युरिनला, आलो आहे.

पालाझ्झो मादामा चौकाच्या मधोमध उभा आहे. समोरून पाहिला तर फिकट दगडाचा भव्य दर्शनी भाग, भक्कम तळमजल्यावर उभे राहिलेले उंच खांब, त्यांच्यामध्ये उंचच उंच काचेच्या खिडक्या, वर कठड्यावर पुतळे आणि कलश. काम १७१८ ते १७२१ मधलं. मनसोक्त पाहून घेतलं आणि कडेला वळलो. थोडं पुढे गेलो तोच दगड संपला, एका उभ्या रेषेत संपला. पुढे विटांचा मध्ययुगीन किल्ला, त्याचे बुरूज, आणि त्या किल्ल्याच्या पोटात रोमन काळातली शहराची वेस. म्हणजे युवाराचा राजवाडा जेमतेम एका दालनाइतकाच खोल आहे. जुन्या गढीच्या तोंडावर त्याने हे नवं तोंड बसवलं. मुळात सगळा वाडाच नव्याने बांधायचा बेत होता, तो इथेच थांबला.

नेपथ्य करणाऱ्याला ही रेष पाहताक्षणी ओळखू येते. रंगवलेला फ्लॅट जिथे संपतो आणि मागची उघडी विंग दिसायला लागते, ती ही जागा. रंगमंचावर आम्ही ती जिवापाड झाकतो. इथे तीनशे वर्षं ती भर चौकात उघडी आहे आणि तिने समोरच्या भागाचं काहीच बिघडलेलं नाही. त्या रेषेपाशी मी बराच वेळ थांबलो. बरोक म्हटलं की 'सगळा देखावा' असं म्हणून मोकळं होणाऱ्यांनी इथे यावं. देखावा आहे हे लपवलेलंच नाही, आणि तरीही तो खरा वाटतो.

५ ऑक्टोबर

आजचा दिवस जिन्याचा.

तो दर्शनी भाग एवढा रुंद आणि एवढा उंच का, ते आत गेल्यावर उमगतं. आत दुसरं काही नाहीच. सगळी रुंदी, सगळी उंची एका जिन्याला दिली आहे. खालच्या देवडीतून दोन्ही बाजूंना एकसारखे दोन जिने निघतात, मध्ये टप्पा घेतात आणि वर जाऊन भेटतात. डोक्यावर एकच लांब कमानदार छत, त्यावर शंख, माळा, शस्त्रांचे गुच्छ असं चुन्याचं नक्षीकाम. आणि उजेड त्या मोठ्या खिडक्यांतून थेट आत कोसळणारा.

मी पायऱ्या चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. पायरी उथळ आहे, पाऊल ठेवायची जागा ऐसपैस. रंगमंचावर पायरी किती उंचीची करायची यावर आम्ही तालमीत तासन् तास घालवतो, कारण पायरी नटाची चाल ठरवते. उंच पायरीवर माणूस खाली बघतो, गुडघे उचलतो, धापा टाकतो. उथळ पायरीवर मान आपोआप ताठ राहते आणि नजर समोर. युवाराच्या जिन्यावर कोणीही घाईने चढू शकत नाही. पाठीवर सॅक घेतलेली शाळेची पोरंसुद्धा इथे दोन मिनिटं सरदारासारखी चालली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

हा जिना ज्या बाईसाठी झाला तिचं नाव मारिया जोव्हान्ना बाप्तिस्ता, राजाची आई, 'मादामा रेआले'. नवरा गेल्यावर तिने मुलाच्या नावाने १६७५ पासून राज्य चालवलं आणि मुलगा वयात आला तरी सत्ता सोडायचं नाव काढेना. शेवटी १६८४ मध्ये मुलानेच ती काढून घेतली. तोच युवाराचा राजा, व्हित्तोरिओ आमेदेओ दुसरा. राज्य गेलेली ती या वाड्यात राहिली आणि १७२४ मध्ये वारली. जिना पूर्ण झाला तेव्हा तिच्याकडे राज्य चालवायला काही उरलं नव्हतं, होतं ते पाहुण्यांचं स्वागत. त्या स्वागतासाठी युवाराने तिला जे दिलं ते युरोपातल्या कुठल्याही राणीला मिळालेलं नव्हतं, असं माझं मत आहे.

संध्याकाळी पुन्हा चौकात गेलो. आतले दिवे लागले होते. दिवसा ज्या काचांत आभाळ दिसत होतं त्या आता पारदर्शक झाल्या होत्या, आणि जिन्यावरची माणसं बाहेरून स्पष्ट दिसत होती. एक बाई कठड्याला हात लावून हळूहळू उतरत होती. चौकातले दोघं-तिघं उभे राहून तिच्याकडे बघत होते. तिला ते ठाऊक नव्हतं, किंवा असावंही. दिवसा मी आतून चौकाकडे पाहिलं होतं तेव्हा चौक मला रंगमंचासारखा वाटला होता. आता चौक प्रेक्षागृह झाला होता. पडदा कुठल्या बाजूला आहे ते वेळेवर ठरतं. एवढी एक गोष्ट जरी युवाराने केली असती, तरी मी त्याला गुरू मानलं असतं.

७ ऑक्टोबर

दिवसभर पाऊस. बाहेर पडलो नाही. रेखाटनांची छापील पुस्तकं बरोबर आणली आहेत, तीच पसरून बसलो.

त्याची हकिगत थोडक्यात लिहून ठेवतो. जन्म मेसिनाचा, १६७८ चा, चांदीकाम करणाऱ्यांच्या घरात. हात त्या घरात तयार झाला. १७०३ मध्ये त्याने पाद्रीपदाची दीक्षा घेतली आणि लगेच रोमला जाऊन कार्लो फोंतानाच्या हाताखाली वास्तुकला शिकू लागला. त्याच वर्षी रोम भूकंपाने हादरलं होतं. शहर वाचलं म्हणून पोप अकराव्या क्लेमेंटने पाच वर्षं कार्निव्हल आणि नाटकं बंद ठेवली. ही मुदत संपते न संपते तोच, १७०८ च्या सुमारास, कार्डिनल पिएत्रो ओत्तोबोनीने युवाराला आपल्या घरच्या थिएटरसाठी बोलावून घेतलं. उपाशी शहराला पुन्हा नाटक मिळत होतं, आणि ते कसं दिसावं हे ठरवायला हा तिशीतला सिसिलियन पाद्री होता. पुढे पोलंडची परागंदा राणी मारिया काझिमिरा हिच्याकडेही त्याने नेपथ्यं केली. डोमेनिको स्कार्लातीचा १७११ चा 'तोलोमेओ' हा ऑपेरा त्यातलाच.

आता मुद्द्याचं. त्याआधीच्या दरबारी रंगमंचावर नेपथ्य एकाच बिंदूकडे धावायचं. दोन्ही बाजूंच्या विंगा लहान लहान होत मागे जायच्या आणि मधोमध लांबवर एका ठिपक्यात मिटायच्या. हा ठिपका राजाच्या खुर्चीच्या बरोबर समोर धरलेला असे. चित्र अचूक दिसायचं ते फक्त त्याला. बाकी सगळ्यांना थोडं थोडं वाकडं. राजा कोण आहे हे सांगायला आणखी घोषणेची गरज नव्हती.

मग बोलोन्याच्या फेर्दिनांदो गाल्ली बिबिएनाने ती चौकट तिरकी केली आणि १७११ मध्ये ती रीत पुस्तकात मांडली. इमारतीचा कोपराच प्रेक्षकाकडे आणायचा. भिंती दोन बाजूंना पळतात, त्यांचे मिटण्याचे बिंदू रंगमंचाच्या बाहेर कुठेतरी पडतात, शेवट दिसत नाही. कुठल्याही खुर्चीवरून पाहा, चित्र बिघडत नाही. आणि रंगमंच आहे त्याहून कितीतरी मोठा भासतो. ओत्तोबोनीच्या घरातल्या लहानशा थिएटरला ही युक्ती वरदानच ठरली.

युवाराने त्याच्यापुढे एक पाऊल टाकलं. त्याची चित्रं एकामागून एक पाहिली की त्याची सवय लक्षात येते. मध्यभागी तो एखादी वास्तू उभी करतो, गोल किंवा लंबगोल, चारी बाजूंनी उघडी, नुसते खांब आणि कमानी. नजर तिच्यावर ठरत नाही, तिच्या आरपार जाते, मागे आणखी एक अंगण, आणखी एक जिना. बिबिएनाच्या चित्रात आपण थक्क होऊन बसून राहतो. युवाराच्या चित्रात उठून चालायला लागावंसं वाटतं. कागदावरच्या या चालीचा त्याने पुढे इमारतींत काय उपयोग केला, तेच मला पाहायचं आहे.

आपल्याकडेही ही रीत फार लांबून, वळसे घेत आलीच. युरोपातून पारशी कंपन्यांकडे, त्यांच्याकडून आपल्या संगीत नाटकांकडे. रस्ता, महाल, जंगल, दरबार असे रंगवलेले पडदे आणि बाजूच्या विंगा. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक मंडळ्यांसाठी असे पडदे रंगवले, आणि पुढे बाबूरावांनी सिनेमा काढला. पडदा रंगवणाऱ्याला एक दिवस पडद्याबाहेर पडावंसं वाटतंच. पेंटर कॅमेऱ्याकडे गेले, युवारा दगडाकडे.

९ ऑक्टोबर

सुपेर्गा. दातेरी रुळांची गाडी डोंगर चढत जाते. ही वाट १८८४ पासून चालू आहे.

१७०६ मध्ये फ्रेंच सैन्याने तोरिनोला वेढा घातला होता. सप्टेंबरच्या सुरुवातीला व्हित्तोरिओ आमेदेओ आणि त्याचा चुलतभाऊ, सेनापती युजीन, शत्रूची मांडणी बघायला याच माथ्यावर आले होते. जिंकलो तर इथे देऊळ बांधीन असा नवस व्हित्तोरिओ आमेदेओने केला, असं सांगतात. ७ सप्टेंबरला वेढा फुटला. सात वर्षांनी उट्रेक्टच्या तहाने हा ड्यूक सिसिलीचा राजा झाला. १७१४ मध्ये मेसिनात त्याची आणि युवाराची गाठ पडली आणि राजा त्याला आपला पहिला वास्तुकार म्हणून तोरिनोला घेऊन आला. पुढे सिसिलीच्या बदल्यात सार्डिनिया पदरात पडलं, पण राजेपण टिकलं.

हे ध्यानात घेतल्याशिवाय युवारा समजत नाही. ताजं ताजं राजेपण होतं. पॅरिस आणि व्हिएन्नाच्या दरबारांना ते पटवायचं होतं, आणि हाताशी आल्प्सच्या पायथ्याचं एक लहानसं राज्य. अशा राजाला नेपथ्यकारच हवा असतो. आणि त्याला मिळाला तो त्या काळातला सर्वांत मोठा.

देवळाचं काम १७१७ ला सुरू झालं. डोंगराचा माथा छाटून सपाट केला. समोर आठ खांबांचा पुढे आलेला मंडप, रोमच्या पँथिऑनची आठवण देणारा. त्याच्यामागे उंच गळ्यावर बसलेला ७५ मीटर उंचीचा घुमट. दोन्ही अंगांना दोन मनोरे, गाभाऱ्यापासून फटकून उभे, म्हणजे मध्ये आभाळ दिसावं. १७३१ मध्ये देऊळ उघडलं. जवळून पाहिलं तर मंडप जरा जास्तच दणकट वाटतो, खांब अवजड. पण हे चित्र जवळच्या माणसासाठी काढलेलंच नाही. खालच्या मैदानातून, नदीच्या काठावरून, कित्येक किलोमीटरांवरून ते वाचता यावं म्हणून प्रत्येक अवयव वाढवला आहे. शेवटच्या रांगेसाठी नट चेहरा रंगवतो, तसं.

मागे जाऊन पाहिलं. मागे साधं, विटांचं मठाचं बांधकाम आहे, आखीव आणि शांत. पुन्हा तीच समोर-मागची गोष्ट. आणि मागच्याच भिंतीपाशी तो फलक आहे. ४ मे १९४९ ला धुक्यात तोरिनोच्या फुटबॉल संघाचं विमान या भिंतीवर आदळलं. लिस्बनहून सामना खेळून परतत होते. विमानातले एकतीसच्या एकतीस जण गेले. लोक गळपट्टे बांधून जातात, फुलं ठेवतात. मी गेलो तेव्हा एक वयस्कर गृहस्थ खेळाडूंची नावं मोठ्याने वाचत होते. मी टोपी काढून उभा राहिलो. आज मग देवळाबद्दल आणखी काही लिहावंसं वाटत नाही.

१० ऑक्टोबर

कार्मिने चर्च. १७३२ ते १७३६. दुसऱ्या महायुद्धात बाँबने छत पडलं होतं, ते पुन्हा बांधलं.

बाहेरून इतकं साधं की चुकून पुढे निघून जाल. आत गेलात की पहिल्यांदा प्रश्न पडतो, उजेड येतो कुठून? बाजूच्या गाभाऱ्यांवर त्याने दुसरा मजला उघडा ठेवला आहे. खिडक्या तिथे, वर. तिथला उजेड लंबगोल भोकांतून खालच्या गाभाऱ्यांत उतरतो. खाली उभ्या माणसाला दिवा दिसत नाही, फक्त उजळलेली वेदी दिसते. झालरीमागे स्पॉट लपवतो, तेच. पण आमचा स्पॉट एका प्रवेशापुरता असतो. इथे सूर्यच कामाला लावला आहे, आणि तो रोज वेगळा प्रवेश करतो. सकाळी दहाला गेलो तेव्हा उजव्या बाजूची वेदी बोलत होती. दुपारी तीनला डावी.

१२ ऑक्टोबर

व्हेनारिया रेआले. १६९३ मध्ये फ्रेंचांनी या शिकारमहालाची नासधूस केली, मग राजाने तो नव्याने बांधायला घेतला. आधी मिकेलांजेलो गारोव्हे, त्याच्यामागून युवारा. नेपोलियनच्या काळापासून इथे लष्कराची छावणी होती. विसाव्या शतकात तर सगळं भग्न पडलं होतं, २००७ मध्ये दुरुस्त होऊन खुलं झालं.

मोठं दालन सुमारे ८० मीटर लांब आहे. भिंती जवळजवळ नाहीतच. कमानीच्या खिडक्या आणि वर लंबगोल झरोके. सगळं पांढरं. सोनं नाही, चित्रं नाहीत, आरसे नाहीत. व्हर्सायच्या आरसेमहालात माणूस स्वतःला बघत फिरतो. इथे माणसं एकमेकांना बघतात, आणि जो लांबून चालत येतो तो एका उजेडाच्या पट्ट्यातून दुसऱ्यात, मधल्या सावलीतून पुन्हा उजेडात, असा येतो. एवढ्याने त्याच्या येण्याला ताल मिळतो. एखाद्या नटाला एन्ट्री द्यायची तर याहून चांगली वाट मला सुचत नाही.

संत उबेर्तोच्या प्रार्थनामंदिरात मात्र त्याने हात सैल सोडला आहे. वेदीवर संगमरवराचं छोटं देवालय, आणि ते देवदूतांनी उडत उडत उचलून धरलं आहे. मागून उजेड. जोव्हान्नी बारात्ता या शिल्पकाराचं ते काम. वजनदार दगड हवेत तरंगतो आहे हे बुद्धीला पटत नाही, आणि डोळे तिच्याकडे दुर्लक्ष करतात. वरच्या मजल्यावर राजघराण्याच्या लोकांसाठी बाल्कन्या आहेत, थेट थिएटरातल्या बॉक्ससारख्या. शिकारीचे बूट घालून ते तिथे येऊन बसत असतील. देवाच्या सेवेत आणि राजाच्या सेवेत युवाराने भेद केला नाही. पाद्री असूनही केला नाही. मला याचा थोडा त्रास होतो.

१३ ऑक्टोबर

तोरिनोच्या शाही राजवाड्यातला 'कात्रीचा जिना' पाहिला, १७२० चा. एवढ्याशा जागेत अधांतरी झेप घेतल्यासारखा वर जातो. हा कोसळणार असं दरबारात लोक कुजबुजायचे. म्हणून जिन्यावर जीभ कापणारी कात्री कोरली, असं सांगतात. जिना उभा आहे.

१४ ऑक्टोबर

स्तुपिनीजी, शहराच्या नैर्ऋत्येला, साधारण दहा किलोमीटर. दगडात उतरलेलं युवाराचं सगळ्यात पूर्ण नाटक हेच, असं मला आज वाटतं आहे.

१७२९ मध्ये त्याने याचा आराखडा केला. कामाला काय पाहिजे होतं? राजा शिकारीला आला की दिवसभर थांबण्यापुरती जागा, रात्री मेजवानी आणि नाच. युवाराने मधोमध एक लंबगोल दालन धरलं आणि त्यातून चार पंख तिरके काढले, फुलीसारखे. छपरावर ब्राँझचा सांबर. हा सांबर फ्रांचेस्को लादात्तेने नंतर, १७६६ मध्ये घडवला. आता मूळ आत ठेवला आहे आणि वर त्याची प्रतिकृती उभी आहे.

त्या तिरक्या पंखांकडे पाहा. समोरून येणाऱ्या माणसाला इमारत सरळ सामोरी येत नाही, ती हात पसरून येते. भिंती दोन्हीकडे तिरक्या पळतात, शेवट दिसत नाही. ओत्तोबोनीच्या रंगमंचावर कॅनव्हासवर जे केलं तेच इथे शेतांच्या मधोमध विटांत केलं.

आणि मधलं दालन. चार मोठे खांब भिंतीपासून सुटून उभे आहेत आणि छत त्यांनी तोललं आहे. खांबांच्या आजूबाजूने नागमोडी सज्जा फिरतो. वादक वरच बसायचे. भिंती पुढे येतात, मागे हटतात, दारं, खिडक्या, पुन्हा दारं. छतावर व्हालेरियानी बंधूंनी दियाना देवीची मिरवणूक रंगवली आहे, ढगांत बसून जंगलाकडे निघालेली. मी मधोमध उभा राहिलो आणि सावकाश गोल फिरलो. एका दारातून लांबवर झाडांची रांग, समोरच्या दारातून शहराकडून येणारा रस्ता, बाकीच्या बाजूंना एकामागून एक दालनं. ७ तारखेला पुस्तकात पाहिलेली ती मधली उघडी वास्तू हीच. फक्त तेव्हा मी तिच्यासमोर बसलो होतो, आज तिच्या आत उभा होतो. नेपथ्याच्या आत उभं राहायला मिळालं.

दालनात मला एक जागा शोधायची होती: राजाची. चित्र अचूक दिसण्याची ती एकमेव जागा. ती सापडली नाही. मध्यबिंदूवर उभं राहा, सज्ज्याखाली राहा, दाराच्या कोपऱ्यात राहा; प्रत्येक जागेवरून दालन वेगळं आणि पुरतं दिसतं. ज्या राजाने युवाराला पगार दिला त्याच्यासाठी बांधलेल्या या दालनात खास राजापुरता कोन नाही. हेतू धरून केलं की सवयीने झालं, कोण जाणे. पण बिबिएनाच्या तिरक्या रेषेने नाटकघरातल्या शेवटच्या खुर्चीला जो मान दिला, तो मान इथे दारात उभ्या हुजऱ्यालाही मिळाला असणार.

हे लिहिताना एक गोष्ट बाजूला सारता येत नाही. हे सगळं उभं राहिलं ते शिकारीच्या हौसेवर, आणि पैसा आला तो पिएमोंते या मुलखातल्या शेतकऱ्यांच्या करांतून. आवारात घोड्यांचे तबेले आहेत, कुत्र्यांची घरं आहेत. महालाचं कौतुक करताना हा हिशेब विसरू नये, एवढं मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. तरीही त्या लंबगोल दालनातून निघवत नव्हतं.

१६ ऑक्टोबर

रिव्होलीचा रस्ता तोरिनोतून जवळजवळ एका रेषेत जातो, ११ किलोमीटरांहून जास्त. मागे वळून पाहिलं तर त्याच रेषेवर लांब सुपेर्गाचा घुमट. एका टोकाला किल्ला, दुसऱ्या टोकाला देऊळ, मध्ये सगळं शहर. दरबारी नेपथ्याची जुनी, सरळ रेष इथे आहे. स्तुपिनीजीत सापडली नाही ती.

रिव्होलीचा किल्ला म्हणजे युवाराचं सगळ्यात मोठं स्वप्न आणि सगळ्यात अपुरं काम. तो पूर्ण कसा दिसेल हे दाखवायला लाकडी प्रतिकृती केली, पान्नीनीसारख्या चित्रकारांकडून चित्रं काढून घेतली. बांधला गेला त्यातला एक तुकडा. आज तिथे गेलात तर मोठ्या देवडीचे खांब उघड्यावर उभे दिसतात, वर छत नाही. कमानींचे उगम भिंतीतून बाहेर येतात आणि हवेत थांबतात. आंद्रेआ ब्रुनोने दुरुस्ती केली तेव्हा हे अपुरेपण तसंच ठेवलं, आणि १९८४ पासून इथे समकालीन कलेचं संग्रहालय आहे. वीट जिथे तुटली तिथे तुटलेली दिसते. नव्या कलाकृती त्यामुळे अजिबात उपऱ्या वाटत नाहीत.

व्हित्तोरिओ आमेदेओने १७३० मध्ये मुलाला राज्य दिलं आणि वर्षभरात परत मागायला आला. मुलाने बापाला पकडलं आणि याच अपुऱ्या किल्ल्यात कोंडलं. ज्याने आपल्या आईच्या हातून सत्ता काढून घेतली होती त्याच्याबाबतीत पोटच्या मुलाने तेच केलं. १७३२ मध्ये मोंकालिएरीला व्हित्तोरिओ आमेदेओ वारला. युवारा आता मुलाच्या चाकरीत होता. त्याला काय वाटलं असेल, याचा आज दिवसभर विचार करत होतो.

१७ ऑक्टोबर

शेवटचं पान. उद्या निघायचं.

२४ डिसेंबर १७३४ च्या रात्री माद्रिदचा जुना राजवाडा जळाला. स्पेनचा राजा पाचव्या फिलिपने नव्या राजवाड्यासाठी युवाराला मागून घेतलं. १७३५ मध्ये तो गेला, अफाट मोठा आराखडा केला, आणि ३१ जानेवारी १७३६ ला माद्रिदमध्येच वारला. वय ५७. त्याचा शिष्य साक्केत्ती याने आराखडा आटोपशीर केला आणि १७३८ मध्ये बांधकाम सुरू झालं. आज माद्रिदला जो राजवाडा दिसतो तो हा.

माणसाने वीसेक वर्षांत एका शहराला चेहरा दिला. त्यातलं निम्मं अपुरं राहिलं. पण त्याचं अपुरं कामही उभं राहतं, कारण त्याने भिंत आधी आखली नाही. माणूस कुठून येईल, कुठे थबकेल, मान कधी वर करेल, उजेड त्याच्या तोंडावर कधी पडेल, हे त्याने आधी आखलं आणि भिंती त्याभोवती बसवल्या. हे तो रंगमंचावर शिकला. वास्तुकलेच्या इतिहासात त्याच्या नेपथ्याला तरुणपणची उमेदवारी समजून दोन ओळींत उरकतात, ते मला मान्य नाही. ओत्तोबोनीच्या थिएटरशिवाय स्तुपिनीजी झालंच नसतं.

आपल्याकडे नेपथ्य शिकणारी मुलं आणि वास्तुकला शिकणारी मुलं एकाच शहरात राहूनही एकमेकांना कधी भेटत नाहीत. जे हे विषय शिकवतात त्यांना माझी विनंती आहे: वास्तुकलेच्या वर्गाला एकदा तरी रंगीत तालमीला बसवा, पहिल्या रांगेत नको, शेवटच्या रांगेच्या कोपऱ्यात. आणि नेपथ्याच्या मुलांना एखाद्या जुन्या वाड्याच्या जिन्यावर नेऊन दिवसभर फक्त चढायला-उतरायला लावा.